कोंडलेला महादेव

१४ जुलै
वहीबाई, पाच दिवस मी बोलले न्हाई तर तूही गप? लिवून दिलेलंसुद्धा इसरतीस, आन् लोक अडाणी मला म्हणतेत! पुन्हा सांगते. मी सुलाबाई. अक्षरं नात निकिताची, बोलणं माझं.

आज महादेव कोंडला. पाऊस न्हाई, सोयाबीन माना टाकायलंय. बायांनी घागरी ओतल्या, पिंड बुडाली. आश्रुबा गुरवानं पाणी जायची वाट चिखलानं बुजवली — पाऊस पडंस्तोवर देव पाण्यातच. मग देवाला बोलायचा मान गावातल्या थोरल्या बाईचा — चौदा वर्षं माझा. बोलले, "बहिऱ्या, बेलाची पानं खाऊन सुस्त पडलास व्हय? तो पोखर्णीचा नरसिंह खांब फोडून धावला, तुला पिंडीतून हलवंना?" घागरी उचलून देता देता सरपंच व्यंकटराव हसून बेजार. शेवटी मी लोटांगण घातलं, नाक घासलं. आधी भांडण, मग पाय — रीतच हाय.

१६ जुलै
निकितानं ते मोबाइलात घेऊन स्टेटसला लावलं. त्यात अर्धंच मिनिट मावतं म्हणे. शिव्या मावल्या. लोटांगण बाहेर राहिलं.

१७ जुलै
तालुक्याहून दोन जीपा भरून पोरं आली. एकही ओळखीचा न्हाई. देवाचा अपमान झाला म्हणाले, निकिताचा मोबाइल ओट्यावर आपटला. शिव्या माझ्या हायेत, मी सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "आजी, तुमाला समजत न्हाई." साठ वर्षं महादेवाशी भांडायलेय, मला समजत न्हाई!

व्यंकटरावाला हाक मारली. मी त्या दिवशी शेतात होतो, म्हणाला.

१९ जुलै
त्या पोरांनी ठाण्यात निकितावर तक्रार केली. दवाखान्यात नर्सच्या नोकरीचं पत्र आलंय तिला. केस लागली की ते गेलं. परवा ठाण्यात बोलावलंय.

आश्रुबा मागच्या दारानं त्या पोरांचा निरोप घेऊन आला — आजी येडी हाय, असं निकितानं मोबाइलात बोलावं, मग ते तक्रार मागं घेतील. मी म्हणलं, बोल गं, त्यानं मी येडी होत न्हाई. न्हाई म्हणाली. आता पेन ठेवून रडायलीय. लिव गं, हेही लिव.

२० जुलै
देव अजून पाण्यातच. सोडवायला गेलं तर कोंडणाऱ्यात नाव यायचं. दिवा लावायलाही कुणी जाईना.

२१ जुलै
वहीबाई, आजची अक्षरं निकिताची न्हाईत. ठाण्यातल्या राजेश्री शिपाईबाईची हायेत. निकिता उठायच्या आत गाभाऱ्यातला चिखल काढला, देव मोकळा केला, तुला पिशवीत घातलं आन् पहिल्या एसटीनं इथं आले. शिव्या माझ्या, स्टेटसला लावलं तेही मीच — असा अंगठा दिला. दुसरं खोटं हाय, ते देवाला सांगून आले. निकिताच्या जागी माझं नाव लागलं. मला बसवून ठेवलंय.

तुला घरी धाडते. निकिताला सांग, भाकरी चार पाठव, दोन दुधात कुस्करून, मला दात न्हाईत. आन् शेंगदाण्याची चटणी जास्त — ही पोरगी सकाळपासून उपाशी लिवायलीय.