सहावी वायर

सोमवार, ३

जुन्या ड्रायव्हरमधले ॲरे, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांच्या रांगा, बदलायला घेतले. हॉस्पिटलात खाटेशेजारी मॉनिटर असतो ना, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम. पेशंटला लावलेल्या वायरींचे आकडे तो गोळा करतो. कोडमध्ये जिथे तिथे ॲरेत जागा एकच जाहीर केलेली, आणि भरायचे पाच-पाच आकडे! दारावर 'एक खोली' अशी पाटी आणि आत भाडेकरूंची गर्दी. पहारा ठेवणार कसा? आता खरी संख्या जाहीर करायची. कुणी हद्दीबाहेर पाऊल टाकलं की तिथेच अडवायचं.

काम सोपं आहे. म्हणूनच धाकधूक होतेय.

मंगळवार, ४

बाबांना ॲडमिट केलं. हृदयाचे ठोके मध्येच मंदावतात. शेजारी यंत्र आमचंच — आई नर्सला कौतुकाने सांगत होती, हे माझ्या मुलीच्या ऑफिसचं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. यंत्र सारखं वाजतं, आई पार वैतागलीय. म्हटलं, वाजू दे गं, वाजतंय म्हणजे लक्ष आहे.

गुरुवार, ६

टेस्टिंगला माझा ड्रायव्हर आपटला. पाच वायरींवर ठीक, सहावी लावली की यंत्र लाल होऊन बंद! साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, कालपर्यंत चालत होतं ना? आजोबा — ऑफिसातले सगळ्यात जुने, मूळ कोड त्यांचाच — माझ्याकडे एकदा बघून पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळले. तेच जास्त लागलं.

शुक्रवार, ७

दिवसभर स्वतःची चूक शोधली. सापडत नाही.

सोमवार, १०

सापडली — माझी नाहीच! जुन्या कोडमध्ये पाटी एकाची असली तरी खरी जागा पाचांपुरती, त्याहून जास्त नाही. सहावीचा आकडा सरळ शेजारी घुसतो. आणि शेजारी असते अलार्मची मर्यादा, म्हणजे ठोके किती कमी झाले की वाजायचं तो आकडा. तोच पुसला जातो. मग पेशंटचं काहीही होवो, यंत्र वाजत नाही. माझं बंद पडून निदान बोंब तरी ठोकतं. जुनं गप्प बसतं.

आजोबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "पोरी, तेव्हा सहावी वायर नव्हतीच गं."

साहेबांचं म्हणणं, सहावी लावतं कोण? पुढच्या महिन्यात बघू, तोवर हॉस्पिटलांत जुनंच राहू दे. भांडले. उद्या पुन्हा भांडणार.

बाबांच्या वायरी आठवून आठवून मोजल्या. पाच. हुश्श.

मंगळवार, ११

आईचा फोन. कितीतरी दिवसांनी आवाज मोकळा. सकाळी डॉक्टरांनी बाबांना आणखी एक वायर लावली म्हणे. "आणि ऐक ना, तेव्हापासून ते यंत्र एकदाही वाजलं नाही. शांत झोपलेत बघ."

टॅक्सीत आहे. आईला म्हटलं, आधी नर्सला बोलव; फोन चालूच ठेवलाय. नर्स अजून आलेली नाही. आई बाबांना हाका मारतेय.