डाव्या अंगाचं बूच

२ मार्च १७८१, प्लिमथ
अखेर सुतारमेस्त्री झालो! ‘कॉन्स्टन्सी’ चौसष्ट तोफांची, चौतीस वर्षांची म्हातारी. तीन युद्धं लढून आता चौथ्याला निघाली आहे. माझ्या गुडघ्यांसारखीच कुरकुरते, तेव्हा आमचं जमेल. सकाळी तळात साचलेलं पाणी मोजायला गज सोडून पाहिला. नऊ इंच. या वयाच्या जहाजाला हे काहीच नाही.

५ मार्च
पाण्याच्या रेषेखालची अरुंद वाट तपासली. लढाईत गोळ्याने भोक पडलं की सुतार याच वाटेने धावतात आणि लाकडी बूच ठोकतात. डाव्या अंगाला असंच एक जुनं, कुजकं बूच. बाहेरून गोदीवाल्यांनी नवी फळी केव्हाच मारली आहे, पण आतलं बूच कुणी काढलं नाही. आळशी लेकाचे! मी उपटलं आणि आचाऱ्याच्या चुलीत घातलं.
खलाशांचा मुकादम, सारंग हॅम्लिन, या जहाजावर वीस वर्षं आहे. ऐकून पांढराफटक पडला. “मेस्त्री, हा शहाणपणा तुला कुणी शिकवला? आजवर प्रत्येक मेस्त्रीने त्याला नुसतं डांबर फासलं. हात नाही लावला कुणी!”

११ मार्च, भर समुद्रात
अडीच फूट. गळती कुठेच सापडत नाही. त्या वाटेतून ठोकाठोक ऐकू येते. कंदील घेऊन जावं तर कुणी नसतं. कप्तानसाहेब म्हणाले, मी झोप काढावी. पंप कोण चालवणार?

१४ मार्च
चार फूट. पाचशे माणसांचे हात गळून गेलेत. हॅम्लिन शेवटी बोलला. ते भोक पडलं त्या लढाईत एकही बूच बसेना, तेव्हा जुन्या मेस्त्रीने भोकात स्वतःचा खांदा घातला. त्याच्या माणसांनी मागून फळ्या ठोकल्या. तो जिवंत होता. जहाज वाचलं. बूच नंतरचं, त्याचं प्रेत काढल्यावर त्याच्या जागी ठोकलेलं.
मला भीती वाटते. त्याहून जास्त झोप येते.

१६ मार्च, दुपार
पाच फूट. माणसं पंपाशी उभ्याउभ्या झोपताहेत. भोक सापडलं. नवी फळी डोळ्यांना दिसते, पण हात आरपार जातो. पलीकडे समुद्र. बुचं संपली, एकही बसलं नाही. खांदा लावला —
पाणी थांबलं. वही गुडघ्यावर. वर ओरडताहेत, पाणी उतरतंय म्हणून.
खांदा निघत नाही.
मागे माणसं आली. चार. ओली. एकाने पाठीवर फळी धरली. मी जिवंत आहे, सांगतोय त्यांना, ऐकतच — दुसऱ्याने खिळा —