घडवून विकलेला डावखुरा

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

मोबाइलवरच्या क्रिकेट मॅनेजर गेमच्या लीगमधून मला काढायला निघालेत. का, तर कुणीच न घेतलेला डावखुरा बॉलर मी घेतला, सराव देऊन तयार केला आणि आज चौपट भावानं विकला. लीगमधलीच माझी रूममेट स्नेहल म्हणाली, "हा खेळ हाय का बैलबाजार? माफी माग सगळ्यांची."

न्हाई मागणार! बाबा देवणीच्या बाजारातून हडकुळा गोऱ्हा आणतात, पोसून बैल करून विकतात. त्यांना लबाड म्हणतं का कोणी? आणि आमचा क्लास? दहावीत पहिली आले म्हणून फी माफ करून मला गावातून उचललं, आठवड्यात चौकात फोटो लावला: "आम्ही घडवलेली गुणवंत." तोवर एक धडाही शिकवला नव्हता.

मी माझा डावखुरा निदान घडवून तरी विकला.