कडेला रेघ नको

४ मार्च

चि. भिंगरीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या जाऊबाईंचा फोन आला होता. तू हातावर टॅटू काढून घेणार आहेस आणि नमुने बघायला तुम्ही दोघी दुकानात जाऊन आलात, असं मोठ्या कौतुकाने सांगत होत्या. ठळक रेघ बरी की बारीक, ठिपके बरे की नुसता रंग, सगळं म्हणे त्यांच्या सल्ल्याने चाललंय.

मी इथे कारखान्यात रोज कपबश्यांवर नक्षी रंगवते आणि तू सल्ला घेतेस तो त्यांचा! ज्यांनी हिरव्या सोफ्यावर जांभळ्या उश्या मांडल्या, त्यांचा! वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण खरं सांगते, जळफळाट झाला. आज बश्यांवर रेघा वाकड्या गेल्या आणि साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तब्येतीला जप. आमची आठवण राहिली तर दोन ओळी लिही.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

जाऊबाई फक्त हात धरायला येतात गं. मला सुईची भीती वाटते, तुला माहीत आहे. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

मी कडेला रेघ नसलेला प्रकार निवडलाय. नुसता रंग, कडा विरत गेलेल्या. चित्र सोबत पाठवतेय, बघताच ओळखशील. तुझ्या मनगटावरचा चहाच्या रंगाचा जन्मखुणेचा डाग.

बाबा गर्दीत त्या डागावर अंगठा ठेवून तुझा हात धरायचे. ही माझी खुणेची पोर, असं सगळ्यांना सांगायचे. मी नुसतीच दुसरी. एकदा मी पेनाने तसाच डाग काढून त्यांच्यापुढे हात नाचवला, तर म्हणाले, जा, हात धुऊन ये. तेव्हापासून जळतेय मी तुझ्यावर.

रविवारी जायचंय. तू नको म्हणालीस तर नाही काढणार.

रागावलीस तरी उत्तर टाळू नकोस.

तुझी भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी संताप आला. धाकटी म्हणून आईची कूस तुला, खिडकीची जागा तुला, नवी सायकलही तुलाच. माझं असं एवढंच होतं, तेही हवंय?

आणि वेडे, बाबा अंगठा ठेवायचे ते डाग झाकायला. पोरं चिडवायची, मी रडायचे. म्हणून तर ऐन उन्हाळ्यात लांब बाह्या घालते. तुझं कोरं मनगट बघून मला किती हेवा वाटायचा, ते तुला कधी कळू दिलं नाही.

तुझं चित्र मात्र चुकलंय. तू कायम समोरून बघत आलीस, म्हणून डाग डाव्या हातावर काढलास आणि त्याचं शेपूट करंगळीकडे गेलं. माझा उजव्या हातावर आहे, शेपूट अंगठ्याकडे. घ्यायचाच तर नीट घे. रविवारी बाह्या दुमडून येते, नमुन्याला माझा हात शेजारी ठेव. कडेला रेघ नको, हे बरोबर निवडलंस.

हात मी धरीन. लोभ आहेच, तो जाऊबाईंना वाटून देऊ नये ही विनंती.

तुझी ताई