खर्जातला बुवा

४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ. त्यातले उत्तम या खेपेस थोडे कमी आहेत. का ते खाली येईलच.

यंत्राची लाकडी बैठक, जुन्या कपाटाच्या दारातून काढलेली, पॉलिशचे सात हात. सुईचा दांडा, छत्रीच्या काडीचा. फिरती थाळी, भरीव पितळेची, लेथवर स्वतः कातलेली, केसभरही हेलकावा नाही. मोटारीवरून थाळीला फिरवणारा पट्टा, सायकलच्या ट्यूबचा. अँप्लिफायर, व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मरची तार हाताने गुंडाळलेली. स्पीकरची दोन खोकी, आत फाडलेली रजई. तबकड्यांची मांडणी. आणि मधल्याच्या गळ्यात अडकवलेल्या पाटीची चौकट.

ही यादी तुझ्यासाठी नाही. जुन्या तबकड्यांचा एक व्यापारी कुणाकडून तरी ऐकून घरी आला होता. उकिडवा बसून, वाकून, सगळीकडून यंत्र न्याहाळलं. हाताने काय काय केलंत ते लिहून द्या म्हणाला, आणि खाली एवढंच, की वेग अचूक आहे. लिहून दिलं, सही केली. शेवटची ओळ मात्र त्याच्या कागदावर नाही, ती तुझ्यासाठी वाढवली. विकायचं की नाही ते ठरवलेलं नाही. मधल्याची खाट पुढच्या खोलीत आणल्यापासून यंत्राने अडवलेली भिंत डोळ्यांत येते, हे खरं.

मधल्याची जखम सुकली. गळ्यातल्या भोकावरची पट्टी आता तो स्वतः बदलतो. स्वरयंत्रच काढल्यावर आवाज परत येण्याचा प्रश्न नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा एकदा समजावलं, जणू आम्ही विसरणार होतो. पाटीवर लिहितो, आणि बोलायचा त्यापेक्षा टोचून लिहितो.

आता तुझं पत्र. आपला बुवा गेल्याची बातमी मीही वाचली. चौकडी, म्हणजे तो चौघांचा विलायती बँड, त्यातल्यांची परकी नावं आपल्या जिभेला वळेनात म्हणून गाणाऱ्याचा बुवा आणि ढोलवाल्याचा तांबट आपणच केला होता. त्यामुळे घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं. पण त्या दुःखात तू लिहितेस, की चौकडी शेवटच्या तीन तबकड्यांत खरी मोठी झाली. वाचता वाचता माझा चहा निवला. अगं, चौकडी म्हणजे पहिल्या पाच. त्यातही जाकिटावर विहिरीचं चित्र असलेली दुसरी. तांबट प्रत्येक घाव घालण्याआधी विचार करतो. बुवाचा आवाज खालून, पाण्यावरून येतो. तसा खर्ज पुढे त्याला कधी लागला नाही. सहावीपासून तबकड्या मिळेनात, त्याच आपण कॅसेटींवर घेतल्या, आणि त्यांच्यात बघावं तर सगळी घाई. बुवाचा गळा चिमटीत धरल्यासारखा, तांबटाला गाडी पकडायची असल्यासारखी. पैसा आला, खोली गेली. माझं मत तीस वर्षांत तसूभर हललेलं नाही.

लोभ आहे तो असू दे. मताचं मी बघतो.
तुझा,
दादा

१७ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग घालताना गुडघा कुरकुरला, तरी घातला.

तुझं मत हललेलं नाही हे तू असं सांगतोस, जसं काही ते सांभाळून ठेवल्याचं बक्षीस मिळणार आहे. पहिल्या पाचांत काय आहे दादा? चार पोरं आणि त्यांचं ओरडणं. विहिरीवर गाणं केलं, पण त्यांतल्या एकानेही कधी घागर उचलली नसेल. शेवटच्या तीनांत ते गप्प राहायला शिकले. तांबट अख्खं कडवं हात बांधून बसतो आणि मग एकच ठोका देतो; तेवढ्यासाठी मी ती तबकडी शंभरदा ऐकेन. बुवा स्वतःच्या वयाबद्दल गातो, थकव्याबद्दल गातो. म्हातारं होणं ज्यांना जमलं तेच मोठे. तुला जमत नाहीये म्हणून तुला ते आवडत नाहीत.

इकडे विशेष नाही. शाळेतल्या गायनाच्या वर्गात निम्मी मुलं सर्दीने बेजार, त्यामुळे सगळी प्रार्थना नाकातून होते. घर संध्याकाळी फार मोठं वाटतं.

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. बुवा गेल्यावर मी पहिल्या पाचांच्या नव्या सीड्या आणल्या. ‘विहीर’ लावली आणि दचकले. दादा, तो आपला बुवा नव्हे. आवाज वर आहे आणि चालही भरभर. मला वाटलं, कंपनीने काही केलं. मग शाळेतल्या पियानोवर सूर लावून पाहिला. लहानपणी मधला मला ज्या सुरावर हे गाणं धरायला लावायचा, तो माझ्या कानातून जाणं शक्य नाही. सीडीतला त्याच्याहून अर्ध्या सुराने वर आहे. आणि गंमत अशी, की हा बुवा शेवटच्या तबकड्यांतल्या बुवासारखाच आहे. खर्ज नाहीच.

तबकडीच्या जाकिटावर प्रत्येक गाण्याची लांबी छापलेली असते. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, म्हणजे ‘विहीर’च, तुझ्या यंत्रावर घड्याळ लावून बघशील का? राग मानू नकोस. मधल्याला सांग, त्याच्यासाठी लोकरीचा गळपट्टा विणते आहे, रंगावरून पाटीवर काही लिहायचं नाही.

माया पातळ करू नये ही विनंती.
तुझी,
धाकटी

२६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद नेहमीचेच. मोजून घे, हल्ली तुला मोजायची हौस आहे.

राग मानू नकोस असं लिहून माणसं नेमकं रागाचंच लिहितात. जाकिटावरची छपाई कधी कुठे बरोबर असते? माझ्याकडच्या एका जाकिटावर तांबटाच्या नावाचं स्पेलिंग दोन जागी दोन तऱ्हांनी आहे. नव्या सीड्या काढताना कंपन्या गाणी पळवतात, उजळवतात, काय वाटेल ते करतात. यंत्र तयार झालं तेव्हा थाळीच्या कडेला खडूची खूण करून, घड्याळ समोर ठेवून फेरे मोजले होते. पंपाच्या कारखान्यात माझ्या हातून गेलेला एकही दट्ट्या परत आलेला नाही. एकदा मोजलं की मोजलं.

आणि सुराचं म्हणशील, तर मधल्याला विचार. त्याच्यापेक्षा ‘विहीर’ जास्त कुणी गायली? त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी चौकडीची गाणी वाजवणारा वाद्यवृंद काढला होता आणि त्यांना गाणारा हवा होता, तेव्हा वर्षभर तो या यंत्रासमोर बसला होता. ती टेप आठवते? त्याच्या कानाला हेडफोन लावून तबकडी त्यालाच ऐकवली आणि टेपवर फक्त त्याचा आवाज घेतला. त्याच्या आवाजाचं तेवढंच राहिलं आहे. हल्ली संध्याकाळी यंत्रावर ‘विहीर’ लावतो आणि त्याच क्षणी टेप सुरू करतो. मागेपुढे झालं तर थाळीच्या कडेला बोट टेकून सावरून घेतो. मग बुवा आणि मधला एकत्र गातात. मधला खाटेवरून ऐकतो. ओठ हलतात. वरच्या ओळीला, जिथे आवाज अगदी टोकाला जाऊन टेकतो, तिथे अजूनही मान वर करतो.

टेपवर तो सूर किती स्वच्छ लागला आहे! आणि पोरांसमोर नेमका तिथेच गळा फाटला. दुसऱ्यांदा घेतला, दुसऱ्यांदा फाटला. घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, जमत नाही. मी म्हणालो होतो की घरातला गळा वेगळा, चारचौघांतला वेगळा, असतो एकेकाचा. मग तो ते ऑफिस सोडून शीतगृहात नोकरीला लागला आणि पुन्हा गायला नाही. एवढ्या थंडीत बटाट्यांच्या पोत्यांपुढे कोण गाणार म्हणा.

व्यापाऱ्याचा पुन्हा निरोप आला. पंधरवड्यात येतो म्हणतो.

कळावे. कळत नसल्यास पुन्हा वाचावे.
दादा

२ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र शाळेत वाचलं आणि पुढच्या वर्गाला जाता आलं नाही.

तू लिहिलं आहेस आणि तुला दिसलेलं नाही. टेपवर सूर स्वच्छ, पोरांसमोर फाटला. त्यांची वाद्यं खऱ्या सुरात लावलेली असणार, दादा. त्याचा गळा ज्या टोकापर्यंत जात होता, त्याच्या पुढे अर्धा सूर.

मोजू नकोस. मी विचारलंच नाही असं समज. कंपनीनेच गाणी पळवली असतील. मधल्याला काही बोलू नकोस. यंत्र त्या व्यापाऱ्याला देऊन टाक, नवं चांगलं घे, आणि शेवटच्या तीन तबकड्या वाईट आहेत असं मी तुला लिहून देते, हवं तर सही करून.

गळपट्टा पाठवला आहे. राखाडी आहे. दोघांनी आलटून पालटून वापरा.
धाकटी

१५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी पूर्ण लिहितो, आखडून नाही.

मोजलं. तू नको म्हणालीस म्हणून नव्हे. न मोजता झोप येईना. जाकीट म्हणतं, चार मिनिटं दहा सेकंद. मी घड्याळ हातात घेऊन यंत्रासमोर बसलो. मधला खाटेवर गळपट्टा गुंडाळून बसला होता. गाणं संपलं, काटा चार पंचवीसवर. वळून बघतो तर मधल्याने पाटी माझ्याकडे धरलेली. तिच्यावर खडूने लिहिलेलं होतं: चार पंचवीस. गाणं चालू असतानाच लिहिलं असणार, कारण संपल्यावर त्याचा हात हललेला मी पाहिला नाही.

कधीपासून, असं विचारलं. त्याने लिहिलं की त्याच दिवसापासून. त्या पोरांतल्या गिटारवाल्याने सूर दिला तेव्हाच, तोंड उघडायच्या आधी कळलं होतं. खालून धरू का असं विचारलंही होतं. ते म्हणाले, गाणं आहे तिथूनच धरायचं. मग मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? पाटी पुसली. मग लिहिलं,

‘तुला सांगणार कोण?’

आणि हसला. त्याचं हसणं आता फक्त खांद्यांत दिसतं आणि गळ्यातून वारा फुंकल्यासारखा येतो. मला हसता आलं नाही.

कारणही सापडलं. फेरे मोजले तेव्हा थाळी प्लायवुडची होती. हलकी वाटली म्हणून महिन्याभराने पितळेची कातली आणि तीच बसवली. वजन वाढलं, ट्यूबचा पट्टा घसरू लागला. इतका बारीक, की डोळ्याला दिसू नये. पुन्हा मोजायला हवं होतं. कारखान्यात पोरांना हेच सांगतो, भाग बदलला की माप पुन्हा.

दुसऱ्या दिवशी लेथवर मोटारीसाठी थोडी मोठी कप्पी कातली. बसवली. ‘विहीर’ लावली, चार दहाला संपली. तू म्हणालीस ते सगळं खरं. बुवा उंच गातो, तांबट चपळ आहे. पुढच्या तबकड्यांतलीच माणसं, फक्त तरुण. म्हणजे चौकडी उतरली हे माझं खोटं, आणि चढली हे तुझंही निम्मं खोटं, कारण आपण दोघं तुलनेच्या एका टोकाला माझा घसरता पट्टा ठेवून भांडत होतो. शेवटच्या तीनांतली ती शांतता मात्र त्यांची स्वतःची. ती ऐकली. एका ठोक्यासाठी हात बांधून बसणं सोपं नाही. एवढं तुझं कबूल.

मग सवयीने टेपही लावली. मधल्याचा आवाज खाली राहिला, बुवा वर आणि पुढे निघून गेला. बोटाने थाळी किती दाबली तरी जुळेना. दुसरी ओळ संपायच्या आत मधल्याने हात वर केला. पाटीवर लिहिलं की हा माणूस बरा गातो, पण माझ्याबरोबर गायला तो हा नव्हे, आपला लाव.

जुनी कप्पी परत बसवली. नवी खिळ्याला टांगली आहे. माझ्या हातची इतकी अचूक वस्तू दुसरी नाही आणि तिचा उपयोग नाही. संध्याकाळी मधला पुन्हा मान वर करतो. मी यंत्राकडे तोंड करून उभा असतो. बोट कडेवर ठेवायचं असतं, त्यामुळे वळावं लागत नाही, ते बरं आहे.

थंडी लवकर पडते आहे. जमलं तर दोन दिवस ये. मधला तुझ्या गळपट्ट्याबद्दल रंग सोडून सगळं चांगलं लिहितो.

चूकभूल माझ्याकडे मोठी निघाली. तुझ्याकडून माया तेवढीच राहावी.
तुझा,
दादा

ता. क. व्यापारी काल येऊन गेला. सहीचा कागद मी परत मागितला आणि सांगितलं की वेग अचूक नाही, तीस वर्षांपासून नाही. तो म्हणाला, त्यात काय, ती खिळ्यावरची कप्पी सोबत द्या, आमचा माणूस बसवेल, भाव तोच राहील. मी कागद फाडला आणि यंत्र द्यायचं नाही असं सांगितलं. मधल्याला वाटलं व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा मी ऐकलाच नाही, म्हणून त्याने तो आकडा पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरला: सव्वादोन लाख.