पिंड खाल्लेल्या भावाला

प्रिय मिलू,

माझा घसा पार बसलाय, म्हणून लिहिते आहे. आवाज असता तर तुझ्या फोटोसमोर उभी राहून चार शब्द सुनावले असते. पण आज सकाळी आबांना चहा देताना तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली. सदाशिव पेठेतल्या आमच्या क्लिनिकला रजा कळवली, तीही मेसेजवर. रिसेप्शनवर मुकी बाई बसवून डॉक्टर काय करणार? घसा कशाने बसला ते सांगतेच. ऐकलंस तर हसून लोळशील.

तुला जाऊन महिना झाला आणि मी दमले आहे रे. रडून नाही, रडायला वेळच कुठे मिळाला? लोकांशी बोलून दमले. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवर ज्या गृहस्थांनी तुझ्या त्या गाण्याच्या वेळी ‘अशांना चौकात फटके द्या’ असं लिहिलं होतं, त्यांनीच आता ‘मराठी मेटल संगीताचा बुलंद आवाज हरपला’ असं टाकलंय. खाली दोन मेणबत्त्या. मी हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी झाले. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

पण जीव टांगणीला लागलाय तो आबांपायी. तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही आणि तेव्हापासून ते ताटावरून अर्धवट उठतात. खिडकीत बसतात आणि समोरच्या वायरवरचे कावळे बघत राहतात. पोरगा आपल्यावर रागावून अडकून पडलाय, असं त्यांनी मनाशी घेतलंय. वय काय, अंगावर मांस किती! असं किती दिवस चालणार?

घाटावरचा तमाशा तू बघायला हवा होतास. की बघत होतास? चुलतभावाने पिंड ठेवला, आम्ही सगळे मागे सरलो. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एकही हलेना. गुरुजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल तर शब्द द्या.” मग सगळे सुरू झाले. मी म्हटलं, आबांची काळजी करू नकोस, मी आहे. चुलतभाऊ म्हणाला, वर्षश्राद्ध चुकवणार नाही. कावळे ढिम्म. तुझा इम्तियाज, आपण खडकीत राहायचो तेव्हापासून तुझ्याबरोबर गिटार वाजवणारा, आमच्या चपलांपाशी उभा होता. तो पुढे आला आणि डोळे पुसत म्हणाला, “मिल्या, राहिलेली गाणी मी पुरी करतो. गिटार जोरात ठेवतो, तुला हवी तशी. आता खा ना यार!”

तरी नाही. मग सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. गुरुजी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, “आजोबा, तुम्ही काहीतरी कबूल करा.” आबांनी मान हलवली. “एकदा केलं होतं,” म्हणाले. “पुरे झालं.”

ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो. तुझ्यासाठी दर्भाचा कावळा! जन्मभर कशालाच ‘चालेल’ न म्हणणाऱ्या माणसासाठी!

ते ‘एकदा’ म्हणजे कधी, हे त्या गर्दीत फक्त मला कळलं. आई गेली तेव्हा तू नुकता बारावी झालेला. तेव्हाही कावळा शिवेना. कोणीतरी म्हणालं, बाईचा जीव पोरात अडकलाय. आबा पुढे झाले. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत यंत्रांपाशी उभं राहून त्यांचे कान आधीच गेले होते, आपला आवाज किती मोठा निघतोय ते त्यांना कळायचं नाही. अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असे ते ओरडले, “पोराला फॅक्टरीत चिकटवतो! तू निवांत जा!” आणि झाडावरून एक कावळा सरळ खाली आला. सगळ्यांनी हात जोडले. कोणी तुझी पाठ थोपटली. तू मात्र त्या कावळ्याकडे असा बघत होतास, जसं काही त्याने तुझ्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं.

आवाजाची भीती आपल्या घरात कोणाला होती? आबांना ऐकू जावं म्हणून खडकीच्या क्वार्टरमध्ये आपण मीठसुद्धा ओरडून मागायचो. फॅक्टरीचा भोंगा झाला की तू अंगणात उभा राहून तस्साच आवाज काढायचास आणि आई म्हणायची, “मेल्या, घसा फाटेल!” फाटला नाही. पुढे तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरून तू मलाच शिकवायचास, “ताई, गळ्यातून नाही ओरडायचं, पोटातून ओरडायचं.” मी कशाला शिकते! मला कोणावर ओरडायचं होतं?

दोनेक वर्षं तू फॅक्टरीत अप्रेंटिस म्हणून काढलीस आणि एक दिवस डबा तिथेच ठेवून घरी आलास. लोकांना वाटतं, आबांना तुझे केस खटकले, काळे कपडे खटकले, तो आवाज खटकला. तो आवाज तर त्यांना धड येतही नव्हता! त्यांना लागलं ते वेगळंच. “मला तिच्यापुढे खोटं पाडलं,” एवढंच ते म्हणाले आणि तुझ्याशी बोलणं बंद केलं.

सुरुवातीला तुम्ही इंग्रजीत ओरडायचात, तेव्हा कोणाची हरकत नव्हती, कारण कोणाला कळत नव्हतं. तू मराठीत गायला लागलास आणि घोटाळा झाला. विदर्भातून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला आलेली, पेठेत खोल्या करून राहणारी मुलं तुझ्या कार्यक्रमांना गर्दी करू लागली. त्यातला एक मान आखडली म्हणून आमच्या क्लिनिकमध्ये आला होता. मला म्हणाला, “मॅडम, दादा आमच्या मनातलं ओरडतात.” तुझ्या गाण्यांवर ही मुलं डोकी गदागदा हलवतात, तेव्हा मान कशाने आखडली ते विचारायची गरजच पडली नाही.

आणि मग ते गाणं. कॉलेजच्या मैदानावर तू स्टेजच्या पुढे केळीचं पान मांडलंस, त्यावर भाताचा पिंड ठेवलास, माइकमध्ये कावळ्यासारखा ओरडलास, आणि कोणी यायच्या आत खाली बसून तो पिंड स्वतःच खाल्लास! दुसऱ्या दिवशी व्हिडिओचा तेवढाच तुकडा घरोघर फिरला. गाणं कापलेलं, खाणं ठेवलेलं. भावना दुखावल्या, तक्रार झाली, पोस्टरना काळं फासलं, ठरलेले कार्यक्रम पटापट रद्द झाले. टीव्हीवरच्या त्या बाईने विचारलं, “माफी मागणार का?” तू म्हणालास, “जेवल्याबद्दल?” मला हसू आलं आणि लगेच मी टीव्ही बंद केला. एका वाक्यात तू पुढच्या कितीतरी वर्षांची वाट लावून घेतलीस, मिलू. दोन वाक्यं जास्त बोलला असतास तर काय बिघडलं असतं? आईबद्दलचं आहे, एवढं तरी सांगायचंस!

तू साधूसंत नव्हतास. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला भरदुपारी पिऊन आलास. साउंडवाल्याच्या अंगावर माइकचा स्टँड फेकलास. तेव्हा तुझी बाजू घेताना मला लाज वाटायची. हेही लिहून ठेवते, नाहीतर आता सगळे मिळून तुला हार घालून गुळगुळीत करून टाकतील.

पण माझा खरा राग त्याचा नाही. हजार लोकांसमोर जे ओरडून सांगितलंस, ते एका म्हाताऱ्यासमोर बसून सांगायला काय झालं होतं? दर दिवाळीला माझ्या दारापर्यंत यायचास, फराळाचा डबा घ्यायचास आणि जिन्यातूनच परत जायचास. आणि आबा तरी काय कमी! मी तुझा विषय काढला की कानाचं मशीन काढून खिशात ठेवायचे. एक बोलत नव्हता, दुसरा ऐकत नव्हता, आणि मधे मी. तुमच्या दोघांच्या हट्टाला पोसून पोसून माझे केस पांढरे झाले.

आता काल दुपारचं ऐक. मी पानं वाढली होती. आबांनी दोन घास खाल्ले आणि नेहमीसारखे उठून खिडकीत बसले. मग एकदम म्हणाले, “सुमे, त्याचं ते गाणं. काय होतं त्यात?”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी फोनवर गाणं लावलं. त्यांनी मशीन कानात घट्ट बसवून ऐकलं. म्हणाले, “नुसती घरघर येते. शब्द सांग.” मी कानाशी जाऊन सांगितले. “मोठ्याने.” आणखी मोठ्याने सांगितले. “अगं, जेवली नाहीस का? मोठ्याने!”

मग मी ओरडले. मिलू, मी! शाळेतल्या नाटकात मागे झाड होऊन उभी राहणारी तुझी ताई! दुपारची पुण्याची झोपायची वेळ, खिडक्या सताड उघड्या, आणि मी खरकट्या हाताने ओरडतेय:

शब्द दिला बापाने, शिवून गेला कावळा,
आई, भूक माझी होती, घास त्याने गिळला.

खालच्या मजल्यावरच्या काकू घंटा वाजवून दारात उभ्या. “अहो, काय चाललंय काय? माणसांनी पडायचं की नाही?”

“भावाचं गाणं म्हणतेय,” मी म्हटलं. “बसा ना.”

त्या बसल्या नाहीत. मी दार लोटलं आणि शेवटची ओळ म्हटली, जी त्या फिरलेल्या तुकड्यात कधीच नव्हती:

मी उपाशी उठलो, आई, तू तरी जेवलीस ना?

“पुन्हा म्हण,” आबा म्हणाले. मी म्हटली. “पुन्हा.” तिसऱ्यांदा माझा आवाज चिरकला, पण त्यांना कळलं.

“हे तो मला कधी बोलला नाही.”

“आबा, तो वीस वर्षं ओरडूनच सांगत होता.”

मला वाटलं, आता मशीन खिशात जाणार. नाही काढलं. काठीवर जोर देऊन ते उभे राहिले, गज धरले आणि आईच्या वेळी घाटावर ओरडले होते तेवढ्याच मोठ्याने बाहेर ओरडले, “मिल्या! तो शब्द मी मागे घेतला! तुझ्या आईचं मी बघून घेईन, तिकडे आलो की!”

वायरवरचा एकही कावळा हलला नाही. आबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे वळून म्हणाले, “सुमे, भात आहे ना अजून?” बसले आणि सगळा भात जेवले. मी समोर बसून रडले, ते त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल.

आपल्या घरात शब्द देऊन फार वाटोळं झालंय, म्हणून कोणाच्या वतीने काही कबूल करणार नाही. हा एक शब्द फक्त माझ्या गळ्यापुरता. आवाज परत आला की रोज दुपारी तुझं एक गाणं आबांना ओरडून सांगेन. ज्यात शिव्या आहेत तीही. सोसायटीने नोटीस लावली तर लावू दे. तुझ्या कपाटातली ज्येष्ठमधाची पुडी इम्तियाजने आणून दिलीय. या वेळी पोटातून ओरडेन.

आबा जेवले, मिलू. आता तूही जेवून घे.

तुझी, सध्या बिनआवाजाची,
ताई