खोकला नसलेलं पुस्तक

प्रिय साळुंकी,

हे पत्र तुझी ताई तुझ्या हातात देईल. तू ते शेवटपर्यंत वाचेपर्यंत समोरची खुर्ची सोडणार नाही, असं तिने मला कबूल केलंय, तेव्हा तिच्यावर डाफरून उपयोग नाही. फोन असताना ही कात्री कागद काळे करत का बसली, असं तुला वाटेल. अगं, फोन केला होता. शनिवारी, रविवारी आणि काल. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं, डॉक्टरांकडे चल, तिन्ही वेळा तू ‘हो गं बाई’ म्हणालीस आणि तिन्ही वेळा मांजराची तीच गंमत सांगितलीस, त्याच शब्दांत, त्याच जागी हसून. काल फोन ठेवताना मला विचारलंस, आठवडाभर तुझा आवाज नाही, रागावलीस का? तेव्हा मी हा कागद पुढे ओढला. कागदावरचं पुन्हा वाचता तरी येतं.

सतरा वर्षं झाली, तू वाचतेस आणि मी कापते. मागच्या खोलीत भिंतींना रजया टांगून तू पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतेस आणि मी माझ्या टेबलाशी कानांवर हेडफोन चढवून त्यातले खोकले, शिंका, पोटातली गुरगुर एकेक करून बाहेर काढते. तुला ढेकर येणार हे मला तुझ्या आधी कळतं. श्वास मात्र मी सगळे काढत नाही, हे तुला ठाऊक आहे. थोडे ठेवावेच लागतात. एकही श्वास नसला की ऐकणाऱ्याचा जीव नुसताच घाबरा होतो, आणि का ते त्याला सांगता येत नाही.

जुन्या पुस्तकांवर पोट भरायचं आणि जुन्या पुस्तकांच्या धुळीचीच अ‍ॅलर्जी, हे तुझं नशीब. यंदा तर तुझ्या खोकल्याने कहर केला. एका पानात अकरा वेळा खोकलेलीस, मी मोजलंय. मग डॉक्टरांनी ते पातळ औषध लिहून दिलं. साधंसुधं नाही, अफूच्या जातीतलं, चिठ्ठीशिवाय न मिळणारं. सकाळ-संध्याकाळ एकेक माप, पाच दिवस. झोप आणणारी दुसरी कुठलीही गोळी सोबत घ्यायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. बरोबर मी होते, आणि मी मान डोलावली तुझ्यापेक्षा जोरात.

पाच दिवस संपले आणि खोकला परत हजर. नेमकं तेव्हाच हे पुस्तक हाती आलं होतं, बावन्न प्रकरणांचं, एकेक प्रकरण दोन-तीन पानांचं. तुझ्या पहिल्या फायली आल्या आणि मी खूश झाले. खोकला नाही, खाकरणं नाही. आवाज संथ, खालच्या पट्टीतला. मी तुला लिहिलं, बाई, असंच वाचत राहा, मला काही कामच उरलं नाही. ते वाक्य आठवलं की आता माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तिसाव्या प्रकरणात ती बाई जिना उतरते, बघ. पुस्तकात अकरा पायऱ्या आहेत. तू एक, दोन, तीन करत अकरापर्यंत आलीस आणि थांबली नाहीस. बारा, तेरा, चौदा. त्याच आवाजात, एकेक पायरी, त्रेचाळीसपर्यंत. मग पुढचा परिच्छेद वाचायला लागलीस, काही झालंच नसल्यासारखी. मी पुस्तक उघडून पाहिलं, मग दुसरी आवृत्ती मागवून पाहिली. अकराच. वाटलं, चेष्टा करतेयस माझी. कापून टाकलं. चौतिसाव्यात एक वाक्य आलं, ‘खाली आई उभी आहे, पण ती माझ्याकडे बघत नाही.’ त्या पुस्तकात कोणाची आईच नाही, साळुंकी. आणि तुझ्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली. भरदुपारी, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं असताना, मी हेडफोन काढला आणि उगाचच मागे वळून पाहिलं. तरी मी तेही वाक्य कापलंच. कामाची सवय अशी मेली, हात आधी चालतो.

त्यानंतर मला श्वास सापडेनात. संगणकाच्या पडद्यावर तुझ्या शब्दांच्या टेकड्या असतात आणि मधे श्वासाची बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखी रेघ. त्या रेघा एकमेकींपासून लांब जात होत्या. तुझ्या भिंतीवरचं घड्याळ तू काढत नाहीस, म्हणून सतरा वर्षं तुझ्याशी भांडतेय. या वेळी मी त्याच्याच टिकटिकीवर मोजलं. एरवी चार-पाच ठोक्यांत तू श्वास घेतेस. चाळिसाव्या प्रकरणात दोन वाक्यांच्या मधे तू नुसती थांबलेली असताना नऊ ठोके गेले. शेहेचाळिसाव्यात चौदा.

गेल्या गुरुवारी रेकॉर्ड केलेलं एकोणपन्नासावं प्रकरण मी शनिवारी ऐकलं. ‘तिने दाराला हात लावला आणि’, इथे तू थांबलीस. वाटलं फाइल तुटली. पण घड्याळ चालू होतं. मांजर कुठेतरी उडी मारून खाली उतरलं, तेही ऐकू आलं. फक्त तू नव्हतीस. मी मोजत गेले आणि मोजता मोजता माझाच श्वास धरून बसले. एक्केचाळीस ठोके, साळुंकी. जे काही व्हायचं ते दोन दिवसांपूर्वी होऊन गेलं होतं, आणि मी इथे बसून ते ऐकत होते, हात पुढे करूनही कुठे पोचणार नव्हता. मग घोरल्यासारखा एक आवाज आला, आणि तू वाक्य पुरं केलंस, ‘दार आतून उघडलं.’ त्याच क्षणी मी तुला पहिला फोन केला. तू उचललास, तर मी ढसाढसा रडले. तू विचारलंस, सर्दी झालीय का गं तुला?

काल तुला तिसरा फोन करून झाल्यावर मी सगळ्या फायली मुळापासून पुन्हा ऐकल्या, न कापलेल्या. प्रत्येक प्रकरणाच्या आधी झाकण फिरवल्याचा आवाज आहे आणि मग एक घोट. मी दोन आठवडे तो घोट पाणी समजून कापत होते. औषध सकाळ-संध्याकाळचं होतं. तू ते प्रकरणागणिक घेत होतीस, घसा साफ राहावा म्हणून, आपण कोमट पाणी घेतो तसं. दिवसाला पाच प्रकरणं, कधी सहा. ताईला फोन करून तुझ्याकडे धाडलं, तेव्हा तुझ्या उशीखाली तिला धुळीच्या अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्याही सापडल्या, त्या झोप आणणाऱ्या. डॉक्टरांना मी काल रात्रीच सगळं सांगितलं. या दोन्हींनी मिळून माणूस झोपतो आणि श्वास घ्यायचा विसरतो, असं ते म्हणाले. ताईला त्यांनी शेजारी बसून राहायला सांगितलंय. तू हाकेला उठली नाहीस तर थेट रुग्णवाहिका बोलवायची. बाटली तिच्याकडे आहे, मागू नकोस. पण नुसतं एकदम बंद करून घरी बसणंही धोक्याचं आहे. पुढचं त्यांच्या नजरेखालीच व्हायला हवं, आणि तू जायला तयार नाहीस. मला काही झालेलं नाही, हे एकच पालुपद.

आता जे लिहायला बसले ते. तुझ्या पाच दिवसांची बाटली केव्हाच संपली होती. ताईने काल तुला विचारलं की पुढच्या दोन कुठून आल्या, तर तू म्हणालीस, आठवत नाही. मला वाचवण्यासाठी म्हणालीस की खरंच आठवत नाही, ते मला माहीत नाही, आणि दोन्हींतलं काय जास्त वाईट तेही कळत नाही. त्या मी दिल्या. मागे मला आणि ह्यांना एकदमच सर्दी झाली होती, तेव्हा आम्हाला लिहून दिलेल्या, जवळजवळ भरलेल्या. डॉक्टरांनी बजावलेलं सगळं ऐकूनही दिल्या, कारण पुस्तक वेळेवर जायला हवं होतं आणि तुझे खोकले काढून काढून मी कंटाळले होते. डॉक्टरांना काल सगळं सांगितलं, एवढंच तेवढं सांगितलं नाही. माझी जीभ रेटली नाही. त्यांना ते समजायला हवं, आणि ते तुझ्यादेखत सांगायचं मी ठरवलंय. नंतर तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. चपला घाल आणि ताईचा हात धरून ये. मी दवाखान्याच्या बाकावर बसले आहे आणि तू येईपर्यंत उठणार नाही.

तुझीच,
कात्री